भार कुठं जातो? : अमेरिकेतल्या आधुनिक इमारतींबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात अमेरिकेतल्या आधुनिक वास्तुकलेची सचित्र ओळख करून देणाऱ्या पुस्तकांविषयी मी थोडंसं लिहिलं होतं. त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच जास्त पत्रं आली. त्यातले सात प्रश्न इथं घेते. मी शिकागोत एकोणीस वर्षं वास्तुकार म्हणून काम केलं आणि त्यातली पहिली सहा वर्षं जवळजवळ फक्त सेक्शन काढले. सेक्शन म्हणजे इमारत वरून खालपर्यंत सुरीनं कापली तर आत काय दिसेल, त्याचं चित्र. माझी सगळी उत्तरं त्या टेबलावरून दिलेली आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

मुलीकडे तीन महिने शिकागोला निघाले आहे. जाण्यापूर्वी एक सचित्र मार्गदर्शक विकत घेतलं. चित्रं सुंदर आहेत, पण पन्नासेक पानांनंतर सगळ्याच इमारती काचेच्या पेट्या वाटायला लागतात. सुरुवात कुठून करू? (निवृत्त शिक्षिका)

बाई, पुस्तक पिशवीत ठेवा आणि डिअरबॉर्न स्ट्रीटवरच्या मोनॅडनॉक इमारतीपाशी जा. पुस्तकात तिचा फोटो बहुधा अर्धं पानच असेल, कारण फोटोत ती दिसते तपकिरी विटांची, सोळा मजली, कसलंही नक्षीकाम नसलेली. जॅक्सन बुलेवार्डच्या बाजूनं तिच्या दाराशी उभ्या राहा. भिंत खाली येताना हलकीशी बाहेर फुगते, एखाद्या जुन्या झाडाचं खोड जमिनीशी रुंदावतं तशी. दारातून आत शिरताना दोन्ही बाजूंना भिंतीची जाडी दिसेल. ती तळाशी ६ फूट आहे. हात लांब करून पाहा, पलीकडचा काठ हाताला लागणार नाही.

हा उत्तरेकडचा अर्धा भाग १८९१ चा, डॅनिएल बर्नहॅम आणि जॉन रूट यांचा. सोळा मजल्यांचा भार बाहेरच्या विटांच्या भिंतींवर आहे, म्हणून खाली एवढी जाडी लागली. भिंत जाड म्हणजे खिडकी खोल, दुकानाला जागा कमी आणि उजेडही कमी. शिकागोची चिकणमाती मऊ, त्यामुळे एवढ्या ओझ्याखाली इमारत पुढच्या काही दशकांत सुमारे २० इंच खचली. आता आतल्या लांब बोळातून दक्षिणेकडे, व्हॅन ब्युरन स्ट्रीटच्या दिशेनं चालत जा. चालता चालता तुम्ही दुसऱ्या इमारतीत शिरता. तो अर्धा भाग १८९३ चा, होलाबर्ड आणि रोश यांचा. तिथं भार पोलादाच्या सांगाड्यावर आहे आणि बाहेरची भिंत त्या सांगाड्याला घातलेल्या अंगरख्यासारखी. खांब बारीक झाले, खिडक्या पसरल्या. दोन वर्षांचं अंतर आणि एकच बोळ! जगात दुसरीकडे कुठं मला हा बदल असा पायांनी चालत अनुभवता आलेला नाही.

(मालक होते बोस्टनचे ब्रूक्स बंधू. धूळ आणि कबुतरं बसतील असं काहीही भिंतीबाहेर काढायचं नाही, हा त्यांचा आग्रह होता. इमारतीचा साधेपणा मोठ्या तत्त्वज्ञानातून आला असं पुस्तकं लिहितात. त्यात रूटची प्रतिभा आहेच, पण मालकाचा हट्टही आहे.)

सांगाड्याची कल्पना थोडी आधीची. १८७१ च्या आगीत शहराचा मधला भाग जळाला, मग जमिनीला भाव आला, लिफ्ट होतीच, आणि विल्यम ले बॅरन जेनी यांनी १८८५ मध्ये दहा मजल्यांच्या होम इन्शुरन्स इमारतीत लोखंड-पोलादाच्या सांगाड्यावर भार घेतला. ती १९३१ मध्ये पाडली, म्हणून तुम्हाला ती फक्त चित्रात भेटेल.

मोनॅडनॉक पाहून झाली की मग काचेच्या पेटीकडे जा. ८६० आणि ८८० लेक शोअर ड्राइव्ह, मीस व्हान डेर रोह यांचे १९५१ मध्ये पूर्ण झालेले दोन सव्वीस मजली जुळे मनोरे. रस्त्यावरून वर बघा. काचांच्या मधून पोलादाच्या काळ्या उभ्या पट्ट्या थेट वरपर्यंत गेलेल्या दिसतील. तुम्हाला वाटेल की याच इमारतीला उचलून धरतात. आता नजर खाली आणा. त्या पट्ट्या जमिनीला टेकतच नाहीत, पहिल्या छतापाशीच संपतात. खरे खांब आत आहेत आणि आगीच्या नियमामुळे ते काँक्रीटमध्ये गुंडाळावे लागले. पोलाद झाकलं गेलं, म्हणून मीस यांनी बाहेरून पोलादाच्या पट्ट्या लावून आतल्या सांगाड्याची खूण दिली. काही पट्ट्या तर थेट खांबांवर चिकटवलेल्या आहेत, तिथं खिडकीला त्यांची काही गरज नाही. मला तो निर्णय बरोबर वाटतो. माझ्या ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी त्याला सरळ खोटेपणा म्हणत, आणि जेवणाच्या सुट्टीत आमचा त्यावर कित्येक वर्षं वाद चालला. तुम्ही तिथं उभ्या राहून स्वतःचं मत बनवा आणि मला कळवा.

मॉडर्न म्हणजे नवीन ना? मग १८९१ ची इमारत मॉडर्न कशी? (बारावीतला विद्यार्थी)

मॉडर्न हे इथं एका काळाचं नाव झालंय. पोलाद, काँक्रीट, मोठी काच आणि लिफ्ट हाती आल्यावर, जुन्या देवळा-राजवाड्यांचे मुखवटे न चढवता इमारत कशी असावी, हा प्रश्न ज्यांनी घेतला त्यांचं काम म्हणजे मॉडर्न. मॉडर्न म्हणजे नक्षीकाम नाही, असंही समजू नकोस. इमारतीचं रूप तिच्या कामातून येतं, हे १८९६ मध्ये लिहिणारे लुई सलिव्हन यांनी त्याच वर्षी बफेलोची गॅरंटी इमारत पूर्ण केली. तिच्या अंगावर भाजलेल्या मातीची वेलबुट्टी तळापासून कंगोऱ्यापर्यंत भरलेली आहे.

धबधब्यावरच्या त्या प्रसिद्ध घराचा फोटो आमच्या दिवाणखान्यात लावला आहे. कुणी म्हणतं ते घर खचत होतं. हे खरं का? (एक दांपत्य)

खरं आहे. आणि ते समजून घेतल्यानं त्या घरावरचं प्रेम वाढतं, निदान माझं तरी वाढलं.

पेनसिल्व्हेनियात बेअर रन नावाच्या ओढ्यावर फ्रँक लॉइड राइट यांनी ते घर बांधलं, फॉलिंगवॉटर. रचना १९३५ ची, मुख्य घर १९३७ मध्ये पूर्ण झालं. मालक एडगर कॉफमन, पिट्सबर्गमधल्या मोठ्या दुकानाचे धनी. त्यांना धबधबा दिसेल असं घर हवं होतं. राइट यांनी घर धबधब्याच्या माथ्यावरच नेऊन ठेवलं. तुमच्या भिंतीवरचा फोटो ओढ्याच्या खालच्या अंगाला उभं राहून घेतलेला आहे. सगळे तिथूनच घेतात. पण घरात राहणाऱ्याला ते दृश्य कधीच दिसत नाही. त्याला धबधबा ऐकू येतो, रात्रंदिवस. दिवाणखान्यातून एक छोटा जिना थेट पाण्याजवळ उतरतो, आणि चुलाण्यापाशी मूळचा खडक फरशीतून तसाच वर आलेला आहे. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा फोटोतलं घर शोधत होते. ते सापडलं नाही, आणि दहा मिनिटांत त्याची आठवणही राहिली नाही.

आता खचण्याचं. पाण्यावर झेपावलेल्या त्या गच्च्या म्हणजे कँटिलिव्हर, एका बाजूनं धरलेल्या आणि दुसऱ्या बाजूनं अधांतरी. मुख्य मजल्याची झेप सुमारे १५ फूट. अशा बांधकामात वरच्या बाजूच्या सळ्या ताण घेतात. त्या मुळात कमी होत्या. कॉफमन यांच्या इंजिनिअरांनी गुपचूप जास्तीच्या टाकल्या, राइट यांना ते कळल्यावर ते भडकले, पण त्या जास्तीच्या सळ्याही पुरेशा नव्हत्या. सेंट्रिंग काढल्यावर काँक्रीट थोडं झुकतंच, म्हणून साचा आधीच किंचित वर चढता ठेवायचा असतो. तेही केलं नव्हतं. त्यात वरच्या मजल्याच्या गच्चीचा भार खिडक्यांच्या पोलादी चौकटींमधून खालच्या मजल्यावर उतरत होता. तो भार तिथं येईल हे हिशेबात नव्हतं. साठेक वर्षांत टोक सुमारे ७ इंच खाली आलं.

१९९७ मध्ये खाली तात्पुरते टेकू लावले. २००२ च्या दुरुस्तीत फरशीचे दगड एकेक क्रमांक घालून उचलले, बीमच्या कडेनं पोलादी केबल टाकून त्या खेचून ताणल्या, आणि तेच दगड होते तिथं परत बसवले. टोक सरळ रेषेत आणण्याचा प्रयत्न केला नाही. तसं केलं असतं तर इतक्या वर्षांत त्या झुकावाला सरावलेल्या काचा आणि भिंती तडकल्या असत्या. फक्त पुढचं खचणं थांबवलं. फोटोतली गच्चीची आडवी रेषा पट्टी लावून बघा, टोकाला ती अजूनही किंचित उतरती सापडेल.

वास्तुकारांची नावं पुस्तकभर, इंजिनिअराचं नाव कुठंच नाही. इमारत उभी कोण ठेवतं? (निवृत्त स्थापत्य अभियंता)

साहेब, तुमची तक्रार शंभर टक्के बरोबर आहे. पुस्तकात एक नाव तरी असायलाच हवं : फझलुर रहमान खान. जन्म ढाक्याचा, १९२९. इलिनॉय विद्यापीठात शिक्षण, मग शिकागोतल्या स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या कंपनीत. वास्तुकार ब्रूस ग्रॅहम यांच्याबरोबर त्यांनी १९६९ मध्ये शंभर मजली जॉन हॅनकॉक सेंटर उभं केलं. वाऱ्याचा जोर घेणाऱ्या तिरप्या फुल्या त्यांनी लपवल्या नाहीत, बाहेरच दाखवल्या. काही फ्लॅटमध्ये ती तिरपी पट्टी खिडकीसमोरून जाते. घर विकणाऱ्यांना ती अडचण वाटली असेल. तिथं राहणाऱ्या एका बाईंनी मला घरी नेऊन ती दाखवली. तिच्या मागे त्यांनी कुंड्या मांडल्या होत्या.

मग १९७४ मधला सिअर्स टॉवर, आताचं नाव विलिस टॉवर, १,४५० फूट. त्याचं तत्त्व समजायला नऊ पेन्सिली घ्या, तीन-तीनच्या तीन रांगा लावा आणि रबरबँडनं बांधा. सुटी पेन्सिल सहज वाकते, जुडगा वाकत नाही. इथं प्रत्येक पेन्सिल म्हणजे ७५ फूट बाजूची एक चौकोनी नळी. आता दोन पेन्सिली पन्नासाव्या मजल्याशी कापा, दोन सहासष्टाव्या, तीन नव्वदाव्या, उरलेल्या दोन शेवटपर्यंत जाऊ द्या. त्या मनोऱ्याचा पायऱ्यापायऱ्यांचा आकार हाच. पुस्तकं त्या आकाराबद्दल रसाळ वर्णनं करतात, पण नऊ चौकोनांची ही साधी आकृती छापत नाहीत. मला याचा खरोखर राग येतो. खान १९८२ मध्ये गेले, वय अवघं बावन्न.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कच्या सिटिकॉर्प सेंटरची, १९७७, एकोणसाठ मजले. भूखंडाच्या एका कोपऱ्यावर चर्च होतं, म्हणून इंजिनिअर विल्यम लमेशरिए यांनी खांब कोपऱ्यांत न ठेवता प्रत्येक बाजूच्या मध्यावर ठेवले, नऊ मजले उंच. तिरपे पोलादी आधार इथं त्वचेआड आहेत. १९७८ मध्ये, इमारत वापरात असताना, लमेशरिए यांच्या ध्यानात आलं की कोपऱ्यावरून येणारा वारा सांध्यांना फार जड जाईल, कारण ते सांधे वेल्डऐवजी बोल्टनी जोडले होते. त्यांनी स्वतः जाऊन हे इमारतीच्या मालकांना सांगितलं. मग रात्री ऑफिसं रिकामी झाली की भिंतींचं आतलं आवरण उघडून सांध्यांवर २ इंच जाडीच्या पोलादी पट्ट्या वेल्ड केल्या. वर्तमानपत्रांचा संप चालू होता. लोकांना हे कळलं थेट १९९५ मध्ये. लमेशरिए बोलले याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. खालून ये-जा करणाऱ्यांना सतरा वर्षं काही सांगितलं नाही, हे मात्र मला पटत नाही.

या पुस्तकांत श्रीमंतांचे बंगले आणि कंपन्यांची ऑफिसं. साध्या माणसांनी राहायचं कुठं? (गृहिणी)

ताई, राइट यांचंच एक छोटं घर पुस्तकात आहे का बघा : मॅडिसन, विस्कॉन्सिनमधलं जेकब्स घर, १९३७. पत्रकार हर्बर्ट जेकब्स आणि त्यांच्या पत्नीसाठी, वास्तुकाराच्या फीसह ५,५०० डॉलरमध्ये. माळा नाही, गॅरेजऐवजी नुसतं छप्पर. ऊब जमिनीतून यावी म्हणून फरशीखाली पाइप टाकलेले. आणि स्वयंपाकघर बैठकीला लागून, म्हणजे रांधणारी बाई दाराआड एकटी पडत नाही. फॉलिंगवॉटरपेक्षा या घराचा प्लॅन मी जास्त वेळा काढून पाहिला आहे.

दुसरं चित्र बहुतेक पुस्तकांत असतंच : धुरळ्यात कोसळणारी इमारत. सेंट लुइसची प्रुइट-आयगो वसाहत, मिनोरू यामासाकी यांची रचना, अकरा मजल्यांच्या तेहतीस इमारती. १९५४ मध्ये लोक राहायला आले, १९७२ मध्ये पाडायला सुरुवात झाली, १९७६ पर्यंत सगळी गेली. एका समीक्षकानं तर आधुनिक वास्तुकला इथंच मेली असं लिहिलं, आणि तेव्हापासून चित्राखाली तेच छापलं जातं.

मला हे मान्य नाही. रचनेत दोष होते. लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावरच थांबायची, बाकीच्यांनी जिन्यानं जायचं, आणि ते जिने कुणाच्याच नजरेत नव्हते. पण देखभालीचा खर्च भाडेकरूंच्या भाड्यातून निघेल असा हिशेब होता आणि त्याच काळात शहरातले लोक उपनगरांत निघून चालले होते. घरं रिकामी, भाडं कमी, म्हणून दुरुस्ती नाही, म्हणून आणखी घरं रिकामी. उपनगरं तरी सगळ्यांना खुली होती का? लाँग आयलंडवर १९४७ पासून उभ्या राहिलेल्या लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारांत कृष्णवर्णीयांना घर वापरू द्यायचं नाही असं कलम होतं. प्रुइट-आयगोत शेवटी राहणारे जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय होते. कोसळणाऱ्या इमारतीच्या फोटोशेजारी ते कलम छापलेलं पुस्तक मिळालं, तर ते जरूर घ्या.

टेक्ससमधलं किंबेल कलासंग्रहालय सगळे डोक्यावर घेतात. फोटोत मला शेजारी-शेजारी ठेवलेली गोदामं दिसतात. काय चुकतंय? (चित्रकार)

बाहेरचा फोटो पाहताय, एवढंच. सेक्शन उघडा. फोर्ट वर्थमधलं हे संग्रहालय लुई कान यांचं, १९७२. कमानीसारखी लांब छपरं, प्रत्येक १०० फूट, आणि प्रत्येक फक्त चार कोपऱ्यांतल्या चार खांबांवर. कमानीचा माथा हा तिचा जीव, आणि कान यांनी नेमकी तिथंच लांबलचक फट ठेवली. म्हणजे ही कमान नाहीच. ते काँक्रीटचं वाकवलेलं कवच आहे आणि खांबाखांबांमध्ये ते तुळईसारखं पेलतं. ते जमवून देणारे इंजिनिअर ऑगस्ट कोमेंडंट. फटीखाली छिद्रांच्या ॲल्युमिनियमचे पंख आहेत. ऊन त्यांवर पडून उलटं वर जातं आणि काँक्रीटवर पसरतं. करडं काँक्रीट चांदीसारखं दिसतं, आणि ढग आला की सगळी खोली मावळते. टोकाच्या भिंतीपाशी वर बघा. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये काचेची बारीक चंद्रकोर आहे. भिंत भार घेत नाही, हे तिथं उजेडानं सांगितलंय. तुम्ही चित्रकार आहात, तुम्हाला तिथून लवकर निघवणार नाही.

एकच सचित्र पुस्तक घ्यायचं तर काय बघून घ्यावं? (अनेक पत्रांतून)

इमारतींच्या बहुतेक पानांवर प्लॅन आणि सेक्शन आहेत का, ते बघा. फोटोत माणसं आहेत का बघा, नाहीतर दार किती उंच तेच कळत नाही. आणि पाडलेल्या इमारती आहेत का, ते बघा.

शेवटच्या मुद्द्यासाठी एका माणसाचं नाव सांगते. रिचर्ड निकेल, शिकागोचे छायाचित्रकार. सलिव्हन यांच्या इमारती एकामागून एक पाडल्या जात होत्या, तेव्हा ते त्यांचे फोटो घेत, आणि पाडकामातून नक्षीचे तुकडे स्वतः उचलून वाचवत. एप्रिल १९७२ मध्ये सलिव्हन यांचीच स्टॉक एक्स्चेंज इमारत पाडली जात असताना ते आत गेले आणि वरचं बांधकाम कोसळलं. देह सापडायला चार आठवडे लागले. आज पुस्तकांत सलिव्हन यांच्या गेलेल्या इमारती इतक्या जवळून दिसतात, त्याचं फार मोठं कारण निकेल आहेत. त्या इमारतीचं व्यवहारगृह शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये १९७७ मध्ये पुन्हा उभारलं.

शिकागोला निघालेल्या बाई, हे तुमच्यासाठीसुद्धा. त्या इमारतीच्या प्रवेशद्वाराची कमान मनरो स्ट्रीट आणि कोलंबस ड्राइव्हच्या कोपऱ्यावर उघड्यावर उभी आहे, तिकीट लागत नाही. अगदी जवळ जाऊन मातीच्या पानांची नक्षी बघा, मग कमानीखालून पलीकडे जा. पलीकडे इमारत नाही.